कोकमातील क्रियाशील द्रव्ये

कोकमाच्या फळाच्या, म्हणजेच रातांब्याच्या किंवा भिरंडाच्या सालीत आढळणारी अम्ले, रंगद्रव्ये व बेंझोफेनोन वर्गातील संयुगे. वृक्षाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, कुल क्लुसिएसी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोव्यात तो रानात आणि परसात वाढतो. नर व मादी झाडे वेगळी असतात. आमसूल, आगळ व सोलकढी सर्वपरिचित असल्याने त्यांच्या कृती येथे दिलेल्या नाहीत.

संस्कृत ग्रंथांतील ‘वृक्षाम्ल’ म्हणजे कोकमच काय, याबाबत एकमत नाही. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात त्याला ‘तिंतिडीक’ हाही पर्याय दिल्याने चिंचेशी गल्लत होते. अम्लवेतस या दुसऱ्या आंबट द्रव्याशीही त्याची सरमिसळ झालेली आढळते. परंतु चरकसंहितेतील हृद्य गणात, म्हणजे हृदयाला हितकर द्रव्यांच्या यादीत, वृक्षाम्ल व अम्लवेतस ही नावे स्वतंत्रपणे येतात, तेव्हा ती एकाच द्रव्याची असावीत असे वाटत नाही. वृक्षाम्ल म्हणजे कोकम, हे आज रूढ असलेले मत अधिक ग्राह्य दिसते. ग्रंथकारांनी झाड पाहिले असेलच असे नाही; बाजारात पोचलेली वाळकी सालच त्यांच्या परिचयाची असावी.

आंबटपणाचे मूळही बराच काळ चुकीचे सांगितले जाई. कोकमाच्या जवळच्या नात्यातील मलबारी चिंचेत, केरळातील कुडंपुळीत, टार्टारिक व सायट्रिक अम्ले असल्याची जुनी नोंद होती. लुईस व नीलकंठन या संशोधकांनी १९६५ मध्ये तिच्यातील मुख्य अम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवले. कोकमाच्या सालीतही हेच अम्ल प्रमुख आहे. द्रावण आटवताना त्याचे सहज लॅक्टोन, म्हणजे वलयाकार रूप, बनते, त्यामुळे वेगवेगळ्या पृथक्करणांतील आकडे जपून ताडावे लागतात. शरीरात मेदाम्ले तयार होण्यासाठी लागणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडवते. यावरूनच वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. मात्र मलबारी चिंचेच्या अर्कावर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या नियंत्रित चाचणीत औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा सरस परिणाम दिसला नाही.

गार्सिनॉल हे सालीतील बेंझोफेनोन वर्गातले पिवळे, स्फटिकरूप द्रव्य. वाळलेल्या सालीत ते सुमारे २ ते ३ टक्के असल्याचे नमूद आहे. हळदीतील कुर्क्युमिनप्रमाणे त्याच्या रेणूत फिनॉल गट व बीटा-डायकिटोन भाग आहे. त्याच्या प्रतिऑक्सिडीकारक गुणाचे श्रेय या भागांकडे जाते. जनुकांच्या कार्याचे नियमन करणाऱ्या हिस्टोन ॲसिटिलट्रान्सफरेज विकरांना ते रोधते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसले. पण तो पुरावा पेशींवरील प्रयोगांचा आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पेलाभर सरबताला गार्सिनॉलचे गुण चिकटवणे धाडसाचे ठरेल.

सरबताचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, मुख्यतः सायनिडिनच्या दोन ग्लायकोसाइडांचा (शर्करेशी जोडलेल्या रूपांचा). आंबट द्रावणात तो खुलतो. उष्णता व प्रकाशाने फिका पडतो. बियांतील मेद वेगळा. तो स्टिअरिक व ओलेइक अम्लांनी बनलेला असून खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात.