लॅब्रॅडॉरचा दमसास आणि मराठवाड्याचं ऊन

लातूरकडचा कारवान कुत्रा अंगानं सडपातळ, आखूड केसांचा. लॅब्रॅडॉरचे पूर्वज मात्र न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर राबलेले. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर. परभणी-नांदेडात त्याचा दम वाढवायचा तर आधी उष्णतेचा हिशेब मांडावा लागतो.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण 38.5 अंश. घाम फक्त तळपायांना, तोही नावाला. सगळी भिस्त धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी उडून जाण्यावर. मे महिन्यात पारा 42 वर गेला की हवाच अंगापेक्षा गरम होते, हे सगळ्यांना कळतं. भाद्रपदात मात्र आपण निर्धास्त असतो. पावसानंतरच्या दमट हवेत ते पाणी लवकर उडत नाही आणि 30 अंशांतही कुत्रा लटपटू शकतो.

त्यात ही जात चेंडूसाठी जीव टाकणारी. स्वतःहून थांबेल ही आशा सोडा. जीभ बघा. टोकाशी पळीसारखी रुंद झाली, कडा वर वळल्या, की चेंडू खिशात टाकायचा, सावली गाठायची आणि सगळं अंग पाण्यानं भिजवायचं. काही लॅब्रॅडॉरमध्ये डीएनएम1 या जनुकात दोष असतो; जोरदार खेळ सुरू झाल्यावर 5 ते 20 मिनिटांत त्यांचे मागचे पाय लुळे पडतात. अशा कुत्र्याला सरावानं सुधारू पाहणं जिवावर बेतू शकतं.

सराव पहाटे, मातीच्या वाटेवर. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मागं राहतात. लंगडणं अनेकदा या घाईतून येतं. दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला गाडीमागं पळवणं तर नकोच.

लांब पल्ल्याच्या कामात कुत्र्याचे स्नायू मुख्यतः स्निग्धांश जाळतात, त्यामुळं नुसत्या भाकरी-दुधावर राबणारा कुत्रा घडत नाही. मुख्य जेवण कामानंतर, धाप बसल्यावर. त्याच्या केविलवाण्या नजरेला भुलू नका: सुमारे पाव हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशांची भूक जास्तच असते, हे 2016 मध्ये दिसून आलं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

सांध्यांवर भार न टाकता दम वाढवायला पोहण्यासारखा व्यायाम नाही. पण शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो. उतरलेल्या कुत्र्याला वर चढता येत नाही. काठाला बांधलेली दोराची जाळी पाण्यात सोडल्याशिवाय चेंडू तिकडं फेकू नका.