सेकंड हँड स्पोर्ट्स कार : टोकन पाठवण्याआधी हे वाचा

वापरलेल्या स्पोर्ट्स कार गोव्यात फारशा विकायला येत नाहीत. छप्पर उघडणारी बीएमडब्ल्यू, दोन सीटची पोर्श किंवा मस्टँग हवी असेल तर ती बहुधा दिल्ली, मुंबई, बंगळूर नाहीतर कोचीच्या जाहिरातीत सापडते. फोटो सुरेख असतात. विकणारा व्हॉट्सअॅपवर गोड बोलतो, 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, उद्या दोन पार्ट्या येतायत' असं सांगतो आणि पन्नास हजार टोकन मागतो. रजा आणि विमानाचं तिकीट वाचतंय म्हणून माणूस पैसे पाठवतो. मग गाडी ट्रेलरवरून म्हापशाला उतरते आणि आठवड्याच्या आत आमच्या वर्कशॉपातल्या लिफ्टवर चढते.

गाडी लिफ्टवर चढायलाच हवी, पण सौद्याच्या आधी आणि विकणाऱ्याच्या गावात. एवढंच सांगायला हे पत्रक काढलं आहे. तपासणीचे आम्ही पैसे घेतो, त्यामुळे यात आमचा स्वार्थ आहेच. मात्र न पाहता घेतलेल्या गाडीच्या दुरुस्तीत आम्हाला त्याहून कितीतरी जास्त मिळतं, हेही ध्यानात घ्या.

फोटोत न येणाऱ्या गोष्टी

जाहिरातीचे फोटो ऊन कलल्यावर, पॉलिश मारल्यावर काढलेले असतात. स्पोर्ट्स कारचा खर्च गाडीच्या पोटाखाली, इंजिनाच्या आत आणि कागदांत दडलेला असतो. आपल्या देशातल्या गतिरोधकांवर या गाड्यांचं पोट घासतंच. आधी पुढच्या बंपरची कड जाते, मग खालचं प्लास्टिकचं कव्हर, मग ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला मार बसतो. कव्हर फाटलं की बरेच जण ते काढूनच टाकतात, नवीन बसवत नाहीत. खालून काढलेला व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार धावते कमी आणि उभी राहते जास्त, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर कडक झालेलं असतं. पावसात ओल्या रस्त्यावर असे टायर धरत नाहीत. बऱ्याच मॉडेलमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवून काम भागवता येत नाही. चांगल्या कंपनीचा पूर्ण संच घ्यायचा तर बिल सहज लाखाच्या वर जातं.

रंगाची जाडी मोजणारं मीटर आता कुणाकडेही असतं. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, ठोकर बसून भरलेल्या पुट्टीवर तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो. इथे एक फसगत होते. स्वस्तातलं मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. अॅल्युमिनियमचं बोनेट किंवा फायबरचं पॅनेल असेल तर ते काहीच सांगत नाही, आणि स्पोर्ट्स कारमध्ये असे भाग बरेच असतात. त्यामुळे 'मीटर लावून बघितलं, सगळं ओके' या वाक्यावर जाऊ नका. कुठलं मीटर लावलं, ते विचारा.

इंजिनाचा पहिला स्टार्ट रात्रभर गाडी उभी राहिल्यावरचाच हवा. तपासणारा पोचायच्या आधी विकणाऱ्याने गाडी 'जरा गरम करून' ठेवली असेल तर काय लपवायचं होतं ते विचारा. खडखड, निळा धूर, चेनचा आवाज हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि इंजिन तापलं की बऱ्याचदा गायब होतं.

किलोमीटरचं मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपवरचं काम झालं आहे. पण काही गाड्यांत किलोमीटरची नोंद गिअरबॉक्सच्या कंप्युटरमध्ये किंवा किल्लीतही राहते आणि फिरवणारा ती विसरतो. पोर्शच्या इंजिन कंप्युटरमध्ये तर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, याचीही टप्प्याटप्प्याने नोंद असते. कंपनीचा किंवा तितक्याच ताकदीचा स्कॅनर लावला की गाडी कुणी कशी हाकली ते वाचता येतं. बाजारातल्या साध्या स्कॅनरवर हे दिसत नाही.

उघडं छप्पर आणि आपला पाऊस

गोव्यातल्या ग्राहकांची पहिली पसंती छप्पर उघडणाऱ्या गाडीला असते, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. दिल्ली किंवा जयपूरला अशी गाडी आठ-दहा वर्षं फार तक्रार न करता चालते. ती इथे आली की पहिल्याच जुलैत खरं रूप दाखवते.

छपरावरचं पाणी वाहून जायला कडेने बारीक नळ्या असतात. धूळ आणि पाला अडकून त्या तुंबतात. तुंबलेलं पाणी मग आत उतरतं, आणि ते कुठे जातं ते मॉडेलवर ठरतं. २००३ ते २००८ च्या बीएमडब्ल्यू झेड-४ मध्ये छपराचा हायड्रॉलिक पंप मागच्या कोपऱ्यातल्या खोलगट जागी बसवलेला आहे. नळी तुंबली की पंपाची मोटर पाण्यात बुडते. जुन्या पोर्श बॉक्स्टरमध्ये सीटखाली एक कंट्रोल युनिट असतं. ते भिजलं तर सेंट्रल लॉकपासून चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरपर्यंत सगळं बंड करतं आणि गाडी सुरूच होत नाही. मर्सिडीजच्या एसएलकेसारख्या पत्र्याच्या घडीच्या छपरात हायड्रॉलिक सिलिंडर गळतात, आणि डिकीच्या अस्तरावर तेलाचे डाग पडतात.

म्हणून छप्पर पूर्ण उघडून पूर्ण बंद करतानाचा व्हिडिओ एकाच शॉटमध्ये मागवा. इंजिन चालू, आवाज चालू, मध्ये कट नको. तपासणाऱ्याला सीटखालचं कार्पेट उचलून हात लावायला सांगा. कुबट वास परफ्यूमने दबतो, ओलावा दबत नाही. कापडी छप्पर असेल तर मागच्या काचेच्या कडेचा गोंद सुटलाय का तेही बघून घ्या, कारण कित्येकदा काच वेगळी मिळत नाही, अख्खं छप्पर घ्यावं लागतं.

गाडी गोव्यातलीच असेल तर उलट बाजूने बघा. कांदोळी किंवा मिरामारला समुद्राच्या तोंडावर उभी राहिलेली गाडी वरून कितीही लखलखीत असली तरी एक्झॉस्टचे बोल्ट, ब्रेकच्या पायपा आणि एसीचा कंडेन्सर खारं वारं खातं. आणि आरसीत ती कधी रेंट-अ-कॅब म्हणून नोंदलेली होती का, ते जरूर वाचा. काळ्या पाटीची पांढरी झालेली गाडी वाईटच असते असं नाही, पण दर आठवड्याला नवीन पर्यटकाने हाकलेली गाडी 'सिंगल ओनर' म्हणून विकली जाऊ नये.

काही मॉडेलांचे ठरलेले आजार

१९९७ ते २००८ च्या बहुतेक पोर्श बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११ मध्ये इंजिनाच्या आतल्या मधल्या दांड्याचं, आयएमएस नावाचं बेअरिंग आहे. ते फुटलं तर धातूचा कीस सगळ्या इंजिनात फिरतो आणि इंजिन संपतं. सगळ्यांचं फुटत नाही, पण फुटण्याआधी गाडी फारशी पूर्वसूचना देत नाही. बेअरिंग बदलल्याचं बिल मागा. नसेल तर ऑइल फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते बघायला लावा. त्या काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी-३ ची इंजिनं वेगळी, त्यांना हा त्रास नाही. २००९ मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनांत तो भागच काढून टाकला आहे. स्वस्तातली बॉक्स्टर स्वस्त का आहे, हे यावरून कळावं.

ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असलेली गाडी हायवेवर लोण्यासारखी चालते. तिची परीक्षा कमी वेगात, चढावर, ट्रॅफिकमध्ये रांगताना होते. तिथे धक्के बसत असतील तर क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिटवर (गिअर बदलणाऱ्या कंप्युटर-व्हॉल्व्हच्या भागावर) लाखांत खर्च येऊ शकतो. गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदलल्याची नोंद नसेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या. कार्बन सिरॅमिक ब्रेक बघून खूश होऊ नका. ते झिजलेले असतील तर डिस्कच्या किमतीत छोटी हॅचबॅक येते.

रिमॅप केलेल्या (ताकद वाढवायला इंजिन कंप्युटरचा प्रोग्राम बदललेल्या) आणि एक्झॉस्ट बदललेल्या गाड्या आम्ही सहसा नाकारायला सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई आहे. आणि अपघातानंतर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर नेमकं तेच शोधतो.

पूर पाहिलेली गाडी

चेन्नईत डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३, केरळात ऑगस्ट २०१८, कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९. या प्रत्येक पुरात महागड्या गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि भंगार म्हणून पुढे विकते. त्यातल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकायला येतात. स्पोर्ट्स कारची सीट इतकी खाली असते की गुडघाभर पाणीही कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डिकीतला खळगा, वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेत का, हे बघा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिस्या मागा. मालक तोच असून नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आला असेल तर आदल्या वर्षी बहुधा क्लेम झालेला आहे. कशाचा, ते विचारा.

कागद

आमच्याकडे आलेल्या एका ग्राहकाची गाडी निर्दोष होती, कागदांनी मात्र त्याला वर्षभर फिरवलं. पुदुच्चेरीची पाटी, नावावर बँकेचं कर्ज आणि मूळ मालक परदेशात. पुदुच्चेरीत रोड टॅक्स कमी म्हणून महागड्या गाड्या तिथल्या पत्त्यावर नोंदवायची पद्धत होती. स्वस्त दिसणाऱ्या किमतीतला फरक पुढे तुमच्या खिशातून जातो, कारण बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर आणि गोव्याचा टॅक्स लागतो. आधीच्या राज्याकडून उरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी खेटे तुम्हालाच घालावे लागतात. सौद्याआधी आरसीची प्रत घेऊन आपल्या आरटीओत टॅक्सचा आकडा विचारून या. तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द काढू नका.

फॉर्म २८ म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, २९ आणि ३० नावबदलाचे, ३५ कर्ज फिटल्याचा, २७ नव्या नंबरचा. २९-३० वर नुसत्या सह्या घेऊन बाकी कोरे ठेवणारा एजंट टाळा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र ताजं हवं. एम-परिवहन अॅपवर मालक कितवा, विमा, कर्ज हे दिसतं आणि ई-चलनंही तपासता येतात. चोरीची गाडी नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकून बघता येतं. तो नंबर तपासणाऱ्याने पत्र्यावरून वाचावा, आरसीवरून उतरवू नये. विकणारा डीलर असेल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र असायला हवं.

आयात केलेल्या गाडीत कस्टम्सचा कागद सगळ्यात मोठा. मस्टँग भारतात कंपनीकडून अधिकृतपणे २०१६ पासून मिळू लागली. त्याआधीची कुणी दाखवली तर ती कशी आली हा प्रश्न आधी. ड्युटी चुकवलेली गाडी चौथ्या मालकाकडूनही जप्त होऊ शकते. २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा त्या विकत घेणाऱ्यांच्या दारातून उचलल्या गेल्या.

पैसे आणि प्रवास

टोकन द्यायचंच असेल तर छोटं द्या, आणि 'तपासणी पसंत न पडल्यास परत' हे लिहून घ्या, निदान मेसेजवर तरी. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोखीचा पुरावा तुमच्याकडे उरतही नाही. 'मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी दाबोळी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, क्यूआर कोड पाठवतो' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

गाडी चालवत आणायचा मोह आवरा. नाव बदललं की विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाच्या पॉलिसीवर चोर्ला घाटात काही झालं तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. ट्रेलर ठरवताना रॅम्प किती तिरका आहे ते विचारा आणि ट्रान्झिट विमा घ्या. पुढचा बंपर चढवताना तुटतो, रस्त्यात नाही. आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गोव्यात नसेल तर वर्षातून निदान एकदा फ्लॅटबेडवरचा मुंबई किंवा बंगळूरचा प्रवास धरून चाला.

आमच्याकडून काय मिळेल

विकणाऱ्याच्या शहरातलं वर्कशॉप आम्ही निवडतो, विकणारा नाही. तपासणीला अर्धा दिवस लागतो, त्या वेळी आम्ही व्हिडिओ कॉलवर असतो. अहवालात पुढच्या वर्षभरात येऊ घातलेला खर्च अंदाजाने मांडतो, भाव मात्र तुम्हीच करायचा. आमच्याकडे पाठवताना जाहिरात, आरसीच्या दोन्ही बाजू, विम्याच्या पॉलिस्या आणि सर्व्हिसची बिलं एकत्र पाठवा. यातलं काहीच मिळत नसेल तर तपासणीचे पैसेही खर्च करू नका, आम्हीच नको म्हणू.

पहिली चक्कर चवथीच्या आधी मारायची असेल तर शोध मार्च-एप्रिलमध्ये सुरू करा. बाहेरच्या आरटीओची एनओसी यायला वेळ लागतो, आणि जूननंतर उघड्या ट्रेलरवरून छप्पर उघडणारी गाडी आम्ही कुणाला मागवू देत नाही.