नोबेलची रक्कम आणि घटस्फोटाचा करार

सापेक्षता सिद्धांत मांडणाऱ्या अल्बर्ट आइन्स्टाइनने नोबेलची रक्कम पहिली पत्नी मिलेव्हा मारिच हिला दिली, म्हणजे सिद्धांत तिचाच असल्याची ती कबुली होती, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. रक्कम तिच्यासाठी दिली गेली हे खरे असल्याने पुढचा निष्कर्षही सहज पटतो.

मात्र आधी तारखा पाहाव्यात. नोबेल मिळाल्यास रक्कम तिला देण्याची अट १९१८ सालच्या घटस्फोटाच्या वाटाघाटींतली आहे; घटस्फोट फेब्रुवारी १९१९ मध्ये झाला आणि पारितोषिक जाहीर झाले नोव्हेंबर १९२२ मध्ये, तेही सापेक्षतेसाठी नव्हे, तर विशेषतः प्रकाशविद्युत परिणामाच्या (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या) नियमासाठी. दोघांचा पत्रव्यवहार आता प्रकाशित आहे आणि कोणालाही वाचता येतो. त्यात ही अट पोटगीच्या तरतुदींच्या सोबतीनेच येते: मुद्दल तिच्या मालकीचे, व्याज तिने हवे तसे खर्चावे, पण मुद्दलाला हात लावायचा तर त्याची संमती घ्यावी. श्रेयाची पावती सहसा अशा अटींनी बांधलेली नसते. तिचा वैज्ञानिक सहभाग किती, हा प्रश्न वेगळा आहे आणि या रकमेवरून तो सुटत नाही.

या पैशांतून तिने झुरिकमध्ये घरे घेतली. पुढे धाकट्या मुलाच्या मानसिक आजाराचा खर्च वाढत गेला आणि त्यांतली दोन विकावी लागली.