मोबाइल नेटवर्क पेटंटचा परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो?

फोन, मॉडेम किंवा नेटवर्कला जोडणारं उपकरण बनवणाऱ्या कुणालाही जीएसएम, डब्ल्यूसीडीएमए, एलटीई, ५जी या मोबाइल नेटवर्क मानकांच्या अत्यावश्यक पेटंटांचा, म्हणजे जी वापरल्याशिवाय ते मानक पाळताच येत नाही अशा पेटंटांचा, परवाना मागता येतो. अर्ज थेट पेटंटधारकाकडे किंवा पेटंट पूलकडे, म्हणजे अनेक धारकांच्या पेटंटांचा परवाना एकत्र देणाऱ्या गटाकडे, करायचा. युरोपातली एट्सी ही मानक संस्था पेटंटधारकांकडून रास्त, भेदभावरहित अटींची म्हणजे ‘फ्रँड’ची हमी घेते, पण दर ठरवत नाही. तिथे तक्रारी पाठवण्यात महिने घालवू नका.

पहिली अडचण चिपच्या बिलाची. ‘चिप घेतली म्हणजे पेटंटही आलं’ असं बरेच जण धरून चालतात. क्वालकॉम ही अमेरिकी कंपनी चिप विकते आणि पेटंटचा परवाना फोन बनवणाऱ्याशी वेगळा करते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याला आव्हान दिलं होतं, पण २०२० मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा बिल नव्हे, पुरवठादाराचा करार वाचा.

दुसरी, अर्जात फक्त ‘५जी’ लिहिण्याची. फोन ४जी, ३जीवरही चालत असेल तर तीही मानकं लिहावी लागतात. डब्ल्यूसीडीएमए हे ३जीचं मानक जीएसएमच्या कुळातलं असलं तरी त्यात सीडीएमए या वेगळ्या रेडिओ तंत्राची पेटंटं आहेत. सीडीएमएच्या पेटंटांवरूनच नेटवर्क उपकरणं बनवणारी एरिक्सन आणि क्वालकॉम भिडल्या आणि १९९९ मध्ये परस्पर परवान्यावर मिटवलं.

एट्सीच्या यादीत नाव असलं म्हणजे पेटंट अत्यावश्यक ठरलं, असंही नाही. कंपन्या ते स्वतःच जाहीर करतात, एट्सी तपासत नाही. म्हणून क्लेम चार्ट मागाच: पेटंटच्या दाव्यातला एकेक घटक आणि त्यासमोर मानकातलं कलम. गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय तो बहुधा मिळत नाही, आणि त्या सहीवरून आठवडेच्या आठवडे घोळ घालणं अंगाशी येतं.

कारण मुदत. हुआवे–झेडटीई खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये टप्पे सांगितले, दिवस नाही सांगितले. लोक त्याचा अर्थ ‘भरपूर वेळ आहे’ असा लावतात. न्यायालयाला चालढकल नको आहे. पेटंटधारकाची नोटीस आली की परवाना घेण्याची तयारी लेखी कळवा. त्याने देऊ केलेला दर पटला नाही तर गप्प बसू नका, तातडीने लेखी प्रतिप्रस्ताव द्या. तो फेटाळला गेला तर बँक गॅरंटी किंवा ठेव ठेवायची, तीही मागच्या विक्रीसह.

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मॉडेलवार, देशवार विक्रीचा पहिल्या दिवसापासूनचा हिशेब कुणाकडेच तयार नसतो. वितरकाने माल पुढे कुठल्या देशात पाठवला, तेही लागू शकतं. नोटिशीची वाट न बघता आजच तो तक्ता करायला घ्या.

‘आमच्यापुरता एकाच देशाचा परवाना द्या’ हा हट्टही जपून धरा. अनवायर्ड प्लॅनेट–हुआवे खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जगभराच्या परवान्याचा दर ठरवण्याचा तिथल्या न्यायालयांचा अधिकार मान्य केला. तो परवाना नाकारला, तर ब्रिटनमधल्या विक्रीवर मनाई येऊ शकते.