बकिंगहॅम पॅलेसची गार्ड बदली बघायला जाताय? आपल्या ग्रुपसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी,

लंडनचं बुकिंग झालं की आम्हाला पहिला फोन हाच येतो, "ते लाल कोट आणि काळ्या उंच टोप्यावाले सैनिक बघायला मिळणार ना?" मिळणार, नक्की मिळणार, पण ते कुठे उभं राहून बघायचं हे आधीच नीट सांगावं म्हणून हा कागद. घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचा, आजी-आजोबांना वाचून दाखवा.

कार्यक्रम साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी असतो, सकाळी ११ वाजता, पाऊण तास चालतो. तिकीट नाही, फुकट आहे. मात्र जोराचा पाऊस असला तर रद्द होतो आणि ते त्याच दिवशी सकाळी कळतं, त्यामुळे आम्ही आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाइम टाकतो आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी परत एकदा कन्फर्म करतो. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, म्हणून इंटरनेटवर कुठेतरी जुनं वाचून आमच्याशी वाद नका घालू प्लीज.

आता मुद्द्याचं. पॅलेसच्या मेन गेटच्या रेलिंगला चिकटून उभं राहायचं असेल तर नऊ-साडेनऊलाच जाऊन जागा धरावी लागते, म्हणजे दीड-दोन तास नुसतं उभं, बसायला काही नाही, टॉयलेटला गेलात की जागा गेली. सुरुवातीच्या एका ट्रिपला आम्हीच सगळ्या ग्रुपला तिथे उभं केलं होतं, पुढे उंच लोक, हातात सेल्फी स्टिक, आणि मागे आपल्या काकू-मावश्या, त्यांना दिसलं काय तर टोप्यांची टोकं. एका आजींनी परतताना विचारलं, "बँड कुठे होता रे?" ते अजून मनातून जात नाही. तेव्हापासून आम्ही ग्रुपला गेटवर नेत नाही.

आम्ही नेतो वेलिंग्टन बॅरॅक्सला, म्हणजे या सैनिकांच्या छावणीला. सेंट जेम्सेस पार्क नावाचं ट्यूब (भुयारी रेल्वे) स्टेशन आहे, तिथून पाच-सात मिनिटं चालत, बर्डकेज वॉक रस्त्यावर. नवीन गार्ड, म्हणजे पहारा हाती घेणारी सैनिकांची नवी तुकडी, इथूनच निघतो. निघायच्या आधी बॅरॅक्सच्या मैदानात त्यांची तपासणी होते, कोटाची घडी, बुटांची पॉलिश, रायफल, सगळं ऑफिसर एकेकासमोर थांबून बघतो आणि हे रेलिंगमधून अगदी जवळून दिसतं, गर्दीही गेटच्या मानाने पुष्कळ कमी. अकराला दोन-तीन मिनिटं कमी असताना ते बँडसकट गेटमधून बाहेर पडतात आणि तुमच्या समोरून पॅलेसकडे जातात, बुटांचा तो एकसाथ आवाज छातीत जाणवतो. जुन्या गार्डची एक तुकडी सेंट जेम्सेस पॅलेसहून द मॉल या लाल रस्त्याने येते, दोन्ही गार्ड बकिंगहॅम पॅलेसच्या आवारात समोरासमोर येतात, सलामी होते, चावी सोपवायचा विधी होतो आणि मग नवीन गार्डचा पहारा सुरू. तो आतला भाग तुम्हाला थोडा कमी दिसेल हे आधीच सांगतो. पण पावणेबाराच्या सुमारास जुना गार्ड परत बॅरॅक्सलाच येतो, म्हणजे आपल्याला दोनदा बघायला मिळतं. बँड नुसता मार्चिंगच्या धुना वाजवतो असं नाही, सिनेमाची गाणीसुद्धा वाजवतात, मुलं एकदम खूश होतात.

जवळून बघताना कोटाची बटणं मोजा. पायदळाच्या पाच रेजिमेंट आहेत आणि बटणांवरून ओळखता येतात. एकेक बटण सारख्या अंतरावर असेल तर ग्रेनेडियर, दोन-दोनच्या जोड्या म्हणजे कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. मुलांना हा खेळ लावून दिला की वेटिंगचा अर्धा तास कसा जातो कळत नाही. अजून एक, टोपीची साखळी हनुवटीखालून जात नाही, खालच्या ओठाच्या जरा खाली टेकलेली असते, लांबून फोटोत हे कधीच दिसत नाही. टोपी खऱ्या अस्वलाच्या कातड्याची असते. आणि डिसेंबर-जानेवारीच्या ट्रिपवाल्यांनो, थंडीत लाल कोट दिसत नाहीत, वरून जाड राखाडी ओव्हरकोट असतो, मग "लाल का नाहीत" म्हणून हिरमुसू नका.

ही शोभेची माणसं नाहीत, सैन्यात खरी नोकरी करणारे जवान आहेत, हातातली रायफल खरी आहे. त्यांना हसवायला जाऊ नका, वाटेत आडवं येऊ नका, ते वळसा घालत नाहीत, ओरडतात आणि सरळ चालत राहतात. आपल्याकडे सीमेवरच्या जवानाला जो मान देतो तोच इथे द्यायचा, एवढंच आमचं म्हणणं.

मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार तुमच्या वाट्याला आला तर हॉर्स गार्ड्सला नेऊ, घोडदळाची बदली तिथे रोज ११ ला होते, रविवारी १० ला. घोडे सुंदर असतात पण चावतात आणि लाथ मारतात, तशी पाटीच लावलीय. लगामाला हात लावायचा नाही, मुलांचा हात सोडू नका.

पॅलेस आतून बघायचा असेल तर मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमधे, तिकीट वेगळं आणि आधी काढावं लागतं. एकूण ७७५ खोल्या, त्यातल्या १९ स्टेट रूम्स, म्हणजे समारंभाची दालनं, पाहुण्यांना दाखवतात. आधी विंडसर कॅसल या राजघराण्याच्या दुसऱ्या वाड्याला १९९२ मधे आग लागली, त्याच्या दुरुस्तीचा पैसा उभा करायला १९९३ पासून हे लोकांना उघडलं. राजा पॅलेसमधे आहे का ते छतावरच्या झेंड्यावरून कळतं, सिंहांचा रॉयल स्टँडर्ड असेल तर आहे, युनियन जॅक असेल तर नाही.

आपली मंडळी हमखास विचारतात ते दोन प्रश्न. कोहिनूर पॅलेसमधे नाही, टॉवर ऑफ लंडनला आहे, तो आपल्या प्रोग्रॅममधे दुसऱ्या दिवशी आहे. आणि शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी जगदंबा तलवार, ती १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे ब्रिटिश युवराजाला गेली आणि अजून राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती या ट्रिपमधे बघायला मिळेल असं आम्ही कोणालाच सांगत नाही. हे विचारताना लोकांचा आवाज जड होतो, आमचाही होतो. वाघनखं मात्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली, जुलै २०२४ मधे साताऱ्यात आली.

पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात ठेवा, बॅग पोटावर घ्या. बँड वाजायला लागला की सगळे हात वर करून व्हिडिओ काढतात आणि नेमकं तेव्हाच खिसा कापला जातो, आमच्या एका काकूंची पर्स अशीच गेली, पासपोर्ट हॉटेलात होता म्हणून निभावलं. पासपोर्ट रूमच्या लॉकरमधेच ठेवायचा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागच्याला दिसतं. लाडू-चिवडा जवळ ठेवा, जेवण दीडशिवाय होत नाही. गुडघ्याचा त्रास असेल किंवा व्हीलचेअर लागणार असेल तर निघायच्या निदान दोन दिवस आधी सांगा, फोल्डिंग स्टूल आमच्याकडे चारच आहेत आणि ते आधी सांगितलेल्यांना मिळतात.