भांगलण व्यायामात धरायची का? हालचाल आणि आहारावरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

आशाताई घरोघरी तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात त्यात एक प्रश्न असतो, आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का. होत असेल तर शून्य, नसेल तर एक मार्क, आणि वय, तंबाखू, कंबर वगैरे धरून बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची डायबेटिस, बीपी वगैरेची तपासणी आधी करायची. वाळवा तालुक्यातल्या एका गावात हा प्रश्न विचारताना मी शेजारी बसलेलो. त्या घरच्या ताई उसातली भांगलण, म्हणजे तण काढायचं काम, करून नुकत्याच घरी आलेल्या, हात अजून मातीचे, आणि उत्तर आलं, "व्यायामाला कुठला वेळ आमाला?" लागला एक मार्क.

माझ्या मते इथल्या निम्म्या आकड्यांचा घोळ ह्या एका शब्दात आहे. फॉर्ममध्ये हालचाल लिहिलंय, तोंडी विचारताना त्याचा व्यायाम होतो, आणि आपल्याकडे व्यायाम म्हणजे तालमीतल्या जोर-बैठका नाहीतर पहाटे अजिंक्यतारा चढणं.

गंमत म्हणजे ह्या संशोधनाची सुरुवातच कामाच्या हालचालीपासून झाली. १९५३ ला लंडनच्या डबल डेकर बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापून आला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. तिथं कोणी जॉगिंग मोजलं नव्हतं, नोकरीच मोजली होती. तीन वर्षांनी युनिफॉर्मची मापं काढली तर ड्रायव्हरांच्या कंबरा मुळातच मोठ्या निघाल्या, म्हणजे फरक सगळा जिन्यामुळेच असं म्हणता येईना. नुसतं निरीक्षण पुरत नाही, प्रत्यक्ष बदल करून बघावा लागतो, ते अशामुळंच.

पुढं श्रीमंत देशांतली कामं खुर्चीवर आली आणि संशोधन फावल्या वेळेकडं वळलं. १९८५ ला व्याख्या नीट वेगळ्या झाल्या: स्नायूंनी होणारी, ऊर्जा खर्च करणारी कुठलीही हालचाल ती शारीरिक हालचाल, आणि ठरवून, नेमानं, पुन्हा पुन्हा केलेली ती व्यायाम. कागदावर वाद मिटला, गावात नाही मिटला.

मग २०१० च्या जागतिक गाइडलाइनमधली ती अट, हालचाल सलग किमान १० मिनिटांची असेल तरच धरायची. प्रश्नावल्याही तशाच, काम, येणं-जाणं आणि फावला वेळ असे तीन कप्पे पण प्रत्येक ठिकाणी सलग १० मिनिटं. आता घरातल्या बाईचं काम कधी सलग असतं का, शेण काढता काढता चुलीकडं, तिथून पाण्याला, मध्येच पोरगं रडतंय. २०१४ ला देशातल्या चार भागांचा मोठा सर्व्हे आला, त्यात महाराष्ट्रही होता, आणि ५४ टक्के लोक निष्क्रिय अशी हेडलाइन झाली. करमणुकीसाठी काही करणारे १० टक्क्यांहूनही कमी. आकडा खोटा म्हणत नाही मी, पण तो कुठल्या गाळणीतून आलाय ते कोणी सांगत नाही. २०२० ला ती १० मिनिटांची अट काढली, मला तो ह्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो आणि त्याची चर्चाच झाली नाही.

आपल्याकडच्या प्रयोगांत शहाणपण आधीपासून होतं. डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ ला आला, त्यात जे अंगमेहनतीचं काम करतात त्यांना आहे ते चालू ठेवा म्हणून सांगितलेलं, बाकीच्यांना चालायला लावलं, आहार बदलला. तीन वर्षांत साधा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला, ह्या गटात साधारण ३९. २०१३ ला ५३७ पुरुषांवर नुसत्या मोबाइल मेसेजचा प्रयोग झाला, तिथं मेसेज न मिळालेल्यांत २७ टक्के, मिळालेल्यांत १८ टक्के लोकांना डायबेटिस झाला. २०१८ ला केरळात मतदान केंद्रांप्रमाणे ६० भाग पाडून गावातल्याच माणसांकरवी हालचाल-आहार बदलायचे गट चालवले, पण डायबेटिसमधला फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. असे निकालही मोकळेपणानं छापले जातायत हे चांगलं.

आपल्याकडं ह्याच काळात साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वर घाटाची हाफ मॅरेथॉन सुरू झाली, गावोगाव ओपन जिम बसल्या. चांगलंय सगळं, पण त्या भांगलणीच्या ताई तिथं दिसणार नाहीत.

त्यांना नंतर मी वेगळं विचारलं, काल उठल्यापासून काय काय केलं? वैरणीचा भारा, भांगलण, पाणी मिळून चार तासांच्या वर गेलं. तरी कंबर ९२ सेंटीमीटर होती आणि साखर वाढलेली निघाली. म्हणजे कामाची हालचाल धरली तरी प्रश्न सुटत नाही, कामातल्या कष्टाचा फायदा फावल्या वेळेतल्या व्यायामाइतका होतो का ह्यावर अजून संशोधकांत वाद आहे, आणि आहाराचं मोजमाप तर त्याहून कच्चं. दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या हा जगभरचा हिशोब, ८० ग्रॅमचा एक असे पाच वाटे. आमच्याकडं पाच माणसांत एक कालवण, त्यात भाजी किती आणि रस्सा किती? मीठ खर्ड्यात, लोणच्यात, पापडात विखुरलेलं. साखरेचं विचारलं तर त्या म्हणाल्या गोड खातच नाही, आणि मग मोजत बसल्यावर दिवसाचे सहा कप चहा निघाले.