ईडीएच की एसडीएच? डोक्यात रक्त साकळण्याच्या दोन वेगळ्या गोष्टी

फाइलवर फरक एका अक्षराचा असतो. एकीवर ईडीएच, दुसरीवर एसडीएच. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेले दोन्हीकडचे नातेवाईक फोनवर मात्र एकच वाक्य बोलतात: "डोक्यात रक्त साकळलंय."

सांगलीच्या मामांना ॲडमिट केलं तेव्हा बंगळूरच्या मामेभावाला मीही हेच सांगितलं. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, खरं सांग, मी पोचेपर्यंत बाबा असतील ना?" त्याच्या ऑफिसातला एक तरुण मुलगा बाइकवरून पडून, 'डोक्यात रक्त साकळून', त्याच रात्री गेला होता. मामा पडून सहा आठवडे झाले होते आणि त्या क्षणी ते खाटेवर बसून चहा मागत होते. दोघांच्या आजाराला आम्ही एकच नाव दिलं होतं. मामांची शस्त्रक्रिया होईपर्यंत आणि नंतरही मी ह्या दोन अक्षरसमूहांमागे लागले, त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

कवटीला आतून एक जाड, चिवट पडदा असतो. त्याला ड्युरा म्हणतात. ईडीएच म्हणजे एपिड्युरल हिमॅटोमा. ह्यात रक्त पडद्याच्या बाहेर, हाड आणि पडदा यांच्यामध्ये साठतं. एसडीएच म्हणजे सबड्युरल हिमॅटोमा. ह्यात ते पडद्याच्या आत, पडदा आणि मेंदू यांच्यामध्ये साठतं. म्हणजे दोन्ही रक्तस्रावांमध्ये अंतर जेमतेम एका पडद्याचं. पण पडद्याच्या बाहेरच्या बाजूला बहुतेक वेळा धमनी फुटते आणि आतल्या बाजूला शीर, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आधी ईडीएच. कानशिलाला हात लावून पाहा. डोळ्याच्या कडेपासून कानाकडे जाताना जो सपाट भाग लागतो, तिथे कवटी फार पातळ असते. त्या हाडाच्या आतल्या बाजूला मिडल मेनिंजियल नावाची धमनी खाचेतून जाते. तिचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे. बॅट लागली, दगड लागला, रस्त्यावर डोकं आपटलं आणि हाडाला चीर गेली की ही धमनी फाटते. धमनीतलं रक्त हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाने येतं. ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटत जावा तसा पडदा हाडापासून सुटत जातो आणि रक्ताचा फुगवटा मेंदूला आत ढकलू लागतो.

ह्या आजाराचा सगळ्यात घातक भाग म्हणजे मधला चांगला काळ. माणूस पडतो, क्षणभर शुद्ध हरपते, मग उठून बसतो, कपडे झटकतो, घरच्यांशी बोलतो. डॉक्टर ह्याला ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. प्रत्येक रुग्णात तो दिसत नाही, पण दिसतो तेव्हा सगळे निश्चिंत होतात. पुढे डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. तोवर मेंदूच्या देठावर, म्हणजे श्वास चालवणाऱ्या भागावर, दाब यायला लागलेला असतो.

मार्च 2009 मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या मों-ट्राम्ब्लां इथे स्कीइंग शिकताना नवशिक्यांच्या साध्या उतारावर पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्या उठल्या, हसल्या-बोलल्या. बोलावलेली ॲम्ब्युलन्स परत पाठवली गेली. तासाभराने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी, वयाच्या 45 व्या वर्षी, त्या गेल्या. शवविच्छेदनात निघाला एपिड्युरल रक्तस्राव.

त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरो ह्या छोट्या गावात एक शाळकरी मुलगा सायकलवरून पडला. त्याचंही हेल्मेट नव्हतं. थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं. आई नर्स होती, ती त्याला घेऊन थेट दवाखान्यात गेली. तिथे डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मुलाची शुद्ध जायला लागली आणि बाहुली मोठी झाली. गावात न्यूरोसर्जन नव्हता, कवटीला भोक पाडायचं यंत्रही नव्हतं. डॉ. रॉब कार्सन यांनी दवाखान्याच्या दुरुस्ती विभागातलं घरगुती ड्रिल मागवलं आणि मेलबर्नच्या न्यूरोसर्जनशी फोनवर बोलत मुलाच्या कवटीला भोक पाडलं. रक्त बाहेर आलं, दाब उतरला. मुलगा हेलिकॉप्टरने मेलबर्नला गेला आणि काही दिवसांत घरी परतला.

ईडीएचमध्ये असं होऊ शकतं, कारण पुष्कळदा खालचा मेंदू शाबूत असतो. रक्ताने तो दाबला गेलेला असतो, इतकंच. वेळेत रक्त काढून धमनी बंद केली तर माणूस पहिल्यासारखा होऊ शकतो. म्हणूनच ह्यात गेलेला माणूस जास्त चटका लावून जातो.

आणि वेळेत म्हणजे तासांत. आपल्याकडे तालुक्याच्या गावाहून सिटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेल्या ठिकाणी पोचायलाच अर्धा दिवस जातो. त्यात "जरा आराम करू दे, सकाळी बघू" म्हणत रात्र काढली, तर ती रात्र हातची गेली. डोक्याला मार लागलेल्याला झोपू देऊ नये असं आपल्याकडे म्हणतात. झोपेने इजा वाढत नाही. धोका हा, की माणूस बेशुद्ध पडत चाललेला असतो आणि घर समजतं की गाढ झोपलाय. मार लागल्यावर शुद्ध हरपली असेल, एकाहून जास्त उलट्या झाल्या असतील, डोकेदुखी वाढत असेल, फीट आली असेल, कानानाकातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर कांदा हुंगवत बसू नका. 108 ला फोन करा. "डोकं फुटून रक्त बाहेर आलं, बरं झालं, आत राहिलं नाही" हेही चूक. बाहेरच्या जखमेचा आतल्या रक्तस्रावाशी काही संबंध नाही. टेंगूळही न येता आत रक्त साठू शकतं.

हेल्मेटबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एक आकडा: 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईलाही.

आता एसडीएच. इथे दोन स्वभाव आहेत आणि गोंधळ बराचसा त्यातूनच होतो. जोराच्या अपघातात होणारा तीव्र सबड्युरल हा ईडीएचइतकाच घाईचा असतो, आणि परिणामांच्या बाबतीत पुष्कळदा त्याहून वाईट. कारण तिथे मेंदू स्वतःच ठेचला गेलेला असतो, रक्त काढलं तरी ती इजा राहते. माणूस वाचला तरी बोलणं, चालणं, स्वभाव, रागावरचा ताबा ह्यांतलं काहीतरी हरवून येऊ शकतो. बंगळूरच्या त्या मुलाला ह्यातलं नेमकं काय झालं होतं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मामांना झाला तो दुसरा प्रकार, जुना सबड्युरल. तो हळू येतो.

तो समजायला नारळ आठवा. ओल्या नारळात खोबरं करवंटीला घट्ट चिकटलेलं असतं. सुकत गेला की आतला गोटा सुटतो आणि हलवला तर खुळखुळतो. वयाबरोबर मेंदू असाच थोडा आक्रसतो. मेंदूवरून पडद्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा मग ताणल्या जातात. म्हाताऱ्या माणसाला साधा हिसका बसला तरी त्यातली एखादी तुटते. शिरेतलं रक्त दाबाने येत नाही, झिरपतं. आणि आक्रसलेल्या मेंदूभोवती जागा मोकळी असल्याने आठवडेच्या आठवडे काही जाणवतही नाही. उलट म्हातारपणी ड्युरा हाडाला जास्त घट्ट चिकटलेला असतो, म्हणून ईडीएच वृद्धांमध्ये कमी दिसतो.

मामा 74 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. दिवाळीनंतर मामी फोनवर म्हणायला लागली, "ह्यांचं हल्ली कशात लक्षच नसतं गं. पेपर तासभर धरून बसतात, पान उलटत नाहीत." मग चालणं मंदावलं. डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि ते अनवाणीच पुढे जायचे, कळायचंही नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी वयोमान म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. आम्हीही मान डोलावली. मी स्वतः मामीला म्हणाले होते, "विसरायचंच वय आहे." ते वाक्य अजून मला टोचतं. त्यांच्यात फरक सहा आठवड्यांत पडला होता. वयाने येणारा विसराळूपणा इतक्या घाईने येत नाही, आणि एकाच पायातली चप्पल सोडवत नाही.

डावा हातही लुळा पडल्यावर सगळे म्हणाले, लकवा. आणि हाही मोठा घोटाळा. लकव्याच्या एका प्रकारात रक्त पातळ करणारी औषधं देतात. जुन्या सबड्युरलमध्ये तीच घात करू शकतात. म्हणून अंग लुळं पडलं की कुठल्याही गोळीआधी सिटी स्कॅन. तिथे मला ह्या दोन रक्तस्रावांचे आकार पाहायला मिळाले. ईडीएच भिंगासारखा मध्ये फुगीर दिसतो, कारण कवटीच्या सांध्यांपाशी पडदा हाडाला घट्ट चिकटलेला असतो आणि रक्ताला त्यापलीकडे पसरता येत नाही. एसडीएच चंद्रकोरीसारखा, मेंदूच्या कडेने लांबवर पसरलेला. ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, जुनं होत जातं तसं काळपट. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ते मेंदूच्याच रंगाचं दिसतं आणि नजरेतून सुटू शकतं. मामांच्या मेंदूला उजवीकडून काळी चंद्रकोर दाबत होती.

न्यूरोसर्जननी मामीला पहिलाच प्रश्न विचारला, "कधी पडले होते?" कुणालाच आठवेना. शेवटी मामी म्हणाली, धनत्रयोदशीला पहाटे मोरीत पाय घसरला होता, भिंतीवर डोकं आपटलं होतं. "पण काही झालं नव्हतं हो. फराळ पण केला."

असे पडणारे थोडेथोडके नाहीत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन 4 जुलै 1989 ला मेक्सिकोत घोड्यावरून पडले आणि सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये त्यांच्या डोक्यातलं रक्त काढावं लागलं. ब्राझीलचे अध्यक्ष लूला तर मामांसारखेच 19 ऑक्टोबर 2024 ला बाथरूममध्ये पडले. टाके घातले, ते कामालाही लागले. डिसेंबरात डोकं दुखायला लागलं आणि 10 डिसेंबरला साओ पाउलोत शस्त्रक्रिया झाली.

पण शिरेतून झिरपलेलं चमचाभर रक्त आठवड्यांनी का वाढतं? 1857 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी हा पडद्याचा दाह आहे असं मत मांडलं, मार लागण्याशी त्याचा संबंधच जोडला नाही. 1914 मध्ये लंडनचे सर्जन विल्फ्रेड ट्रॉटर म्हणाले, नाही, मार लागून शिरा तुटतात. आज वाटतं दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. सुरुवात माराने होते. मग शरीर त्या रक्ताभोवती पातळ पापुद्रा तयार करतं, त्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या गळत राहतात. म्हणून साठा वाढतच जातो. आणि ह्या कच्च्या वाहिन्यांना रक्त पुरवते कोण? तीच मिडल मेनिंजियल धमनी, जी ईडीएचमध्ये फाटते.

ह्यावर उपचारही त्यातूनच निघाला. लूलांवर 12 डिसेंबरला दुसरी प्रक्रिया झाली. बारीक नळी घालून तीच धमनी आतून बंद केली, पुन्हा रक्त साठू नये म्हणून. 2024 च्या एका मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेबरोबर हे केल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण 11.3 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर आलं.

मामांची नेहमीची शस्त्रक्रिया झाली. कवटीला दोन भोकं पाडून साठा धुऊन काढला. तो जळक्या इंजिन ऑइलसारखा असतो, म्हणून कवटी मोठी उघडायची गरज पडत नाही. आत दोन दिवस नळी ठेवली. ही नळी महत्त्वाची: केंब्रिजच्या 2009 च्या अभ्यासात नळी ठेवलेल्यांपैकी 9 टक्क्यांना आणि न ठेवलेल्यांपैकी 24 टक्क्यांना परत ऑपरेशन लागलं. "गोळ्यांनी विरघळणार नाही का?" असं मामेभावाने विचारलं होतं. स्टेरॉइडचा प्रयोग झाला आहे, पण 2020 च्या ब्रिटिश चाचणीत ते घेणाऱ्यांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या आणि कधी परत सुरू करायच्या हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं. घरच्या घरी त्या बंद केल्या तर स्टेंट बुजू शकतो.

तिसऱ्या दिवशी मामांनी पेपर मागितला आणि पान उलटलं.

आता ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. मोरीत दांडा बसवला आहे, चपलांना मागून पट्टा आहे. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फेब्रुवारीच्या एका चौकोनात मामीच्या बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं: "हे अंगणात घसरले, संध्या. 7. डोकं नाही लागलं."